ऑक्सिजन सेन्सरचा कोड आलाय? सेन्सर विकत घेण्याआधी सर्किट तपासा

चेक लाइट लागतो, गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, पडद्यावर पी०१३५ येतं आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलावा लागेल." नवा सेन्सर बसतो, काही हजारांचं बिल होतं, लाइट जातो. पुढच्या आठवड्यात स्वारगेटच्या सिग्नलला उभं असताना तोच पिवळा दिवा परत. कारण सेन्सर गेलाय असं कोडने म्हटलेलंच नसतं. सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. त्या सर्किटमध्ये फ्यूज आला, कधी रिले आला, वायर, कपलर (वायरींचा प्लग-जोड), अर्थ आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आला, आणि सेन्सरही आला. यातला कोण दोषी हे सातशे-आठशे रुपयांच्या मल्टिमीटरने घरी शोधता येतं.

खालचा क्रम पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. गाडी २०१३ च्या एप्रिलनंतरची असेल तर उत्तम, कारण तेव्हापासून बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवायची पद्धत) लागू झालं आणि कोड सगळ्या कंपन्यांत सारखे आले. पुण्यात बीएस-४ स्वतः २०१० पासूनच होतं. पहिल्या तेरा शहरांत मुंबई आणि सोलापूरबरोबर आपलंही नाव होतं. उरलेल्या देशात ते २०१७ ला पोचलं.

सेन्सर करतो काय

सायलेन्सरच्या पाइपात बसलेलं हे बोटभर लांबीचं नळकांडं. टोकाला झिर्कोनियाचा सिरॅमिक तुकडा असतो. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनातून आलेला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. पेट्रोल जास्त पडत असेल (मिश्रण रिच) तर ०.८-०.९ व्होल्ट, कमी पडत असेल (लीन) तर ०.१-०.२. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ईसीयू मिश्रण या प्रमाणाच्या आसपास सतत खाली-वर हलवत राहतो, म्हणून गरम इंजिनावर पुढच्या सेन्सरचा आकडा एका जागी थांबत नाही. थांबला, तर काहीतरी बिघडलंय.

हा तुकडा ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय काम करत नाही. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला तेव्हा त्यात हीटर नव्हता, धूरच त्याला तापवायचा. आता प्रत्येकात १२ व्होल्टचा हीटर असतो, आणि सर्किटच्या तक्रारी बऱ्याचदा याच हीटरच्या असतात.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा) आधीचा तो बँक १ सेन्सर १, नंतरचा तो बँक १ सेन्सर २. आपल्याकडच्या तीन आणि चार सिलिंडरच्या गाड्यांत बँक (सिलिंडरची रांग) एकच, त्यामुळे "बँक २" शोधत बसू नका. पुढचा पेट्रोल ठरवतो, मागचा कॅट नीट काम करतोय का ते बघतो. मागच्याचा बिघाड चालवताना बहुधा जाणवतही नाही. पुढच्याचा जाणवतो: अ‍ॅव्हरेज पडतं, आयडलिंगला गाडी हलते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

कोड नीट वाचा

पुढच्या सेन्सरचे कोड पी०१३० ते पी०१३५, मागच्याचे पी०१३६ ते पी०१४१, आणि क्रम दोन्हीकडे तोच: सर्किट, व्होल्टेज कमी, व्होल्टेज जास्त, प्रतिसाद मंद, हालचालच नाही, हीटर. म्हणजे पी०१३१ आणि पी०१३७ हे "कमी", पी०१३२ आणि पी०१३८ "जास्त". हीटरच्या कंट्रोलचे वेगळे कोड पी००३० ते पी००३२ आणि पी००३६ ते पी००३८. एकापेक्षा जास्त कोड असतील तर हीटरचा आधी सोडवा. हीटर बंद म्हणजे सेन्सर थंड, सेन्सर थंड म्हणजे "हालचाल नाही" चा कोड फुकटात मिळतो.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. लाइट लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता हे त्यात असतं. कूलंट ३० अंशांवर असताना हीटरचा कोड आला असेल तर सप्लायकडे बघा. ९० अंशांवर, खड्ड्यांच्या रस्त्यावर आला असेल तर सैल कपलरकडे. बॅटरीचं टर्मिनल काढून "रीसेट" करणारे मेकॅनिक हा पुरावाच नष्ट करतात, आणि ईसीयूने शिकलेलं फ्यूल ट्रिमही (पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करायचं तो हिशोब) पुसतात.

लागणारं सामान: ब्लूटूथचा ओबीडी डोंगल आणि फोनवरचं लाइव्ह डेटा दाखवणारं अ‍ॅप, डिजिटल मल्टिमीटर, ५ वॅटच्या साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प (एलईडीचा नको), दोन-चार बारीक टाचण्या, आणि सेन्सर काढायची वेळ आलीच तर २२ मिमीचा पाना किंवा खाच असलेला ऑक्सिजन सेन्सर सॉकेट. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर आणा. खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा.

आधी डोळ्यांनी

ही पायरी सगळे उरकून टाकतात आणि बिघाड बहुधा इथेच सापडतो. इंजिन थंड असताना सेन्सरपासून निघालेली वायर हाताने चाचपत कपलरपर्यंत जा, तिथून मुख्य वायरिंगपर्यंत. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, वायर धुराच्या मॅनिफोल्डला किंवा पाइपाला टेकून वितळलीय का. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं, कारण वायर धरणारी क्लिप परत लावायची राहून जाते. दुसरी, उंदीर. पावसाळ्यात ते उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायर कुरतडतात. कुरतडलेली वायर लगेच ओळखू येते: इन्सुलेशनवर बारीक दातांच्या तिरक्या खुणा, खाली बॅटरीच्या ट्रेवर रंगीत प्लॅस्टिकचा चुरा, आणि तांब्याचे दोन-तीनच तंतू शिल्लक. असे तंतू मल्टिमीटरला १२ व्होल्ट बिनधास्त दाखवतात, पण हीटरचा करंट पेलत नाहीत. (बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवण्याचा उपाय प्रत्येक सोसायटीत कोणीतरी सांगतंच. ठेवा हवी तर, पण मॅनिफोल्डपासून लांब. वाळलेलं पान आहे, पेटेल.)

तिसरी, पाणी. मागचा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो. सिंहगड रोडला पाणी तुंबलेलं असताना त्यातून गाडी काढली असेल तर कपलर उघडून पिना बघा. हिरवट पावडर दिसली की बिघाड सापडला. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी आलं तर तो आतून तडकूही शकतो, तेव्हा मात्र सेन्सरच बदलावा लागतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आणखी एक जागा. काही किटची एक वायर पुढच्या सेन्सरच्या सिग्नलला जोडलेली असते. ती जोडताना मूळ वायर सोलून, नुसता पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, पीळ सुटतो, तांबं काळं पडतं. गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर कोड, किंवा उलट, असं होत असेल तर ती टेप उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हीटर

कपलर सोडवा. सेन्सरच्या बाजूच्या चार वायरींपैकी दोन सारख्या रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. बॉश पद्धतीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. हे रंग फक्त सेन्सरच्या बाजूला. कपलरच्या पलीकडे गाडीची कंपनी तिला हवे ते रंग वापरते.

इंजिन पूर्ण थंड असताना दोन सारख्या वायरींमध्ये ओहम मोजा. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच प्रमाण, नाहीतर २ ते २० ओहमच्या आत असेल तर हीटर जिवंत आहे असं धरा. मीटरवर "ओएल" आलं तर हीटर तुटला; सेन्सर बदला, चर्चा संपली. हीटरची एक वायर आणि सेन्सरची लोखंडी बॉडी यांच्यात मात्र काहीच कंटिन्युइटी (वीज जायला सलग वाट) नको. असेल तर हीटर आतून शॉर्ट आहे, आणि फ्यूज वारंवार का उडतो त्याचंही उत्तर मिळालं. सिग्नलच्या पिनांवर ओहम लावू नका. मीटर त्यातून स्वतःचा करंट सोडतं आणि झिर्कोनियाला ते सोसत नाही.

हीटर चांगला निघाला तर आता गाडीच्या बाजूच्या कपलरकडे. इग्निशन ऑन करून हीटरच्या दोन पिनांपैकी एकीवर बॅटरीएवढा व्होल्टेज हवा. काही गाड्यांत हा सप्लाय फ्यूल पंपाच्या किंवा मेन रिलेवरून येतो आणि इंजिन चालू असतानाच मिळतो, तेव्हा शून्य दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. इंजिन चालू असूनही नसेल तर फ्यूज बघा. हीटरचा फ्यूज बऱ्याचदा पर्ज व्हॉल्व्हसारख्या इतर गोष्टींबरोबर सामाईक असतो, म्हणून झाकणावर "ओ-टू" असं लिहिलेलं सापडेलच असं नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा टाकू नका. तो उडाला कशाने ते शोधा, म्हणजे पुन्हा वितळलेल्या वायरीकडे जा.

मग टेस्ट लॅम्प. गाडीच्या बाजूच्या दोन्ही हीटर पिनांमध्ये तो लावा आणि इंजिन चालू करा. एका पिनेवर सप्लाय असतो, दुसरी ईसीयू आतून अर्थ करतो, तीही चालू-बंद करत. बल्ब लागला किंवा लुकलुकला तर सप्लाय, वायरिंग आणि ईसीयू तिन्ही ठीक. १२ व्होल्ट दिसतोय पण बल्ब मंद आहे, तर मघाचे कुरतडलेले तंतू आठवा: रिकाम्या सर्किटवर मीटर फसतं, बल्ब फसत नाही. बल्ब अजिबात लागत नाही आणि सप्लाय आहे, तर दुसरी वायर ईसीयूपर्यंत तुटलीय का ते कंटिन्युइटीने बघा. या चाचणीत सिग्नलच्या पिनेला चुकूनही बल्ब लावू नका.

सिग्नल

कपलर परत जोडा. गाडी पूर्ण गरम करा, २,००० ते २,५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरून ठेवा आणि अ‍ॅपवर पुढच्या सेन्सरचा आलेख काढा. निरोगी सेन्सर ०.१ ते ०.९ च्या मध्ये दहा सेकंदांत अनेक वेळा वर-खाली जातो. मागच्याने मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत बसायला हवं. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर सेन्सर ठीक आहे, कॅट थकलाय.

आकडा एकाच जागी अडकलाय, तर कुठे अडकलाय यावरून पुढची दिशा ठरते. बऱ्याच ईसीयू सिग्नलच्या वायरीवर स्वतःहून सुमारे ०.४५ व्होल्ट सोडून ठेवतात. आकडा तिथेच अडकला असेल तर सेन्सरचं बोलणं ईसीयूपर्यंत पोचतच नाही: वायर तुटली, पिन मागे सरकली किंवा सेन्सर थंड आहे. १ व्होल्टच्या वर अडकला तर सिग्नलची वायर हीटरच्या सप्लायला कुठेतरी चिकटलीय, बहुतेक वितळलेल्या जागी. शून्याच्या जवळ अडकला तर वायर बॉडीला शॉर्ट आहे, किंवा मिश्रण खरंच लीन आहे.

शेवटच्या शक्यतेवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त निर्दोष सेन्सर इथेच बदलले जातात. इंटेकचा पाइप फाटलाय, फ्यूल पंपाचा दाब कमी आहे, इंटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जातेय, एखादा प्लग मिस मारतोय आणि न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतोय. या प्रत्येक वेळी सेन्सर "लीन" म्हणतो आणि ते खरंच असतं. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे साक्षीदाराने खरं सांगितलं म्हणून त्यालाच कोठडीत टाकणं. खरं-खोटं करायचं असेल तर गाडी गरम असताना एकदा झटकन रेस द्या. व्होल्टेज ०.८ च्या वर उडाला पाहिजे. पाय काढला की पेट्रोल बंद होतं आणि तो ०.१ च्या खाली पडला पाहिजे. दोन्ही झालं तर सेन्सर जिवंत आहे, गुन्हेगार दुसरीकडे आहे. लाँग टर्म फ्यूल ट्रिमही बघा: अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. ट्रिम +२० च्या वर, प्लग पांढरट, म्हणजे मिश्रण खरंच लीन. ट्रिम +२० च्या वर आणि प्लग मात्र काजळीने काळे, म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याच्याआधी पाइपातून हवा शिरतेय. पाइपाचा गळका जोड थंड इंजिन सुरू केल्या केल्या फटफट आवाजावरून कळतो, बाजूला काळी रेघही दिसते.

झटका दिल्यावरही आकडा हलला नाही तर वायर तपासायची. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कपलर सोडलेला. गाडीच्या बाजूची सिग्नलची पिन एका वायरीने सिग्नलच्या अर्थ पिनेला जोडा आणि अ‍ॅपवर बघा. ०.४५ वरून आकडा शून्यावर आला तर वायर आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा. हललाच नाही तर कपलर ते ईसीयू दोन्ही वायरी कंटिन्युइटीने मोजा. १ ओहमच्या आसपास किंवा कमी हवं. मोजताना वायर हलवत राहा. स्थिर असताना ठीक आणि हलवली की तुटते, अशा वायरी बऱ्याच गाड्यांत निघतात.

नवीन गाड्यांचा एक अपवाद. बीएस-६ च्या अनेक पेट्रोल गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रण नेमकं किती रिच किंवा लीन ते मोजणारा) असतो. त्याला पाच-सहा पिना असतात, किंवा चारच असून अ‍ॅपवर व्होल्टऐवजी लॅम्डा (प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) किंवा मिलिअँपिअर दिसतो. त्याचा आकडा ०.१ ते ०.९ नाचत नाही. लॅम्डा १ च्या जवळ स्थिर दिसायला हवा. त्याच्या हीटरची तपासणी वरच्यासारखी करा, पण सिग्नलला मल्टिमीटर किंवा जंपर लावू नका. स्कॅनरवरच बघा.

दुरुस्ती

वायर जोडायची असेल तर गाडीच्या बाजूला सोल्डर करून हीट श्रिंक चढवा, हरकत नाही. सेन्सरच्या बाजूच्या शेपटीला मात्र सोल्डर नको, क्रिंप करा. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तंतूंमधूनच आत मिळते. सोल्डर ती वाट बुजवतो. याच कारणाने सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारू नका. पिन हिरवी असेल तर कोरडी घासा, फारच खराब असेल तर पिन बदला. नाना पेठेत कपलर आणि पिना सुट्या मिळतात, फक्त जुना नमुना हातात घेऊन जा.

सेन्सरच दोषी ठरला तर गाडीच्या पार्ट नंबरनेच घ्या. चार वायरींचा कोणताही "युनिव्हर्सल" चालतो असं काउंटरवर सांगतील, पण हीटरचा ओहम वेगळा निघाला की पी०१३५ पुन्हा दारात. जुना काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोडावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. नव्याच्या आट्यांना कंपनीनेच अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलेलं असतं. नसेल तर थोडं आट्यांनाच लावा, टोकाला लागू देऊ नका. आधी हाताने पूर्ण फिरवा, मग साधारण ४० ते ४५ न्यूटन मीटरला आवळा. हातातून फरशीवर पडलेला नवा सेन्सर बसवू नका. वायर पाइपापासून लांब, क्लिपमध्ये.

काढलेल्याचं टोक टाकण्याआधी बघा. काळी मऊ काजळी म्हणजे मिश्रण रिच. तपकिरी-पांढरी राख म्हणजे इंजिन ऑइल पितंय. चकचकीत पांढरा थर म्हणजे कोणीतरी इंजिनाला साधा सिलिकॉन सीलंट लावलाय. कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल.

खात्री

कोड पुसा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी सुरू करा. हीटरची परीक्षा थंड स्टार्टलाच होते. मग कात्रज-देहूरोड बायपासला एकसारख्या वेगाने एक चक्कर मारा. फोन शेजारच्याच्या हातात द्या. बोगद्यानंतर नवले पुलाकडे उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा. तसंही त्या उतारावर न्यूट्रल करणं जिवावर बेतणारं, आणि पाय काढल्यावर सिग्नल शून्याकडे पडतोय का हेही तिथे स्वच्छ दिसतं. कोड पुसला नाही तरी चालतं: सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की ईसीयू लाइट स्वतः बंद करतो, आणि ४० वॉर्म-अपनंतर कोडही काढून टाकतो.

अ‍ॅपमध्ये रेडिनेसखाली (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारी यादी) ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर, दोन्ही "पूर्ण" दिसले की पीयूसी करून घ्या. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना २,५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डाची चाचणी असते, मर्यादा १ अधिक-उणे ०.०३. तिथे १.०५ आला आणि गाडीत कोड नाही, तर मागच्या सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरतेय. त्यासाठी सेन्सरला हात लावू नका, गॅस्केट बदला.